डिसेंबरात दिवस किती, कामं किती?

बालमित्रांनो, भिंतीवरचं कॅलेंडर जरा खाली काढा बघू. बऱ्याच जणांच्या घरी ते 'कालनिर्णय'च असेल. १९७३ साली सुरू झालेलं हे कॅलेंडर आपल्याकडे नुसत्या तारखा बघायला नसतंच. डेअरीला दूध किती घातलं, गॅसची टाकी कधी लावली, मजुरांचे किती दिवस भरले, सारं आई आणि आजी त्यावरच लिहितात. तर डिसेंबरचं पान उघडा, पेन्सिल घ्या आणि चार रविवारांवर फुली मारा. पंचवीस तारखेवरही मारा, नाताळची सुट्टी. एकतीसातून पाच गेले, उरले सव्वीस. त्यातले चार शनिवार सकाळच्या शाळेचे, म्हणजे अर्धेच. पूर्ण दिवस राहिले बावीस. एखाद्या वर्षी पाच रविवार आले की तेवढे आणखी कमी.

आता या बावीस दिवसांत काय काय बसवायचं ते पाहा. सहा तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन, वीसला गाडगेबाबांची पुण्यतिथी, बावीसला राष्ट्रीय गणित दिवस, चोवीसला साने गुरुजींची जयंती. या झाल्या ठरलेल्या तारखा. यशवंतराव चव्हाण कला-क्रीडा महोत्सवाच्या स्पर्धा साधारण याच दिवसांत येतात. आधी केंद्राच्या, मग बीटच्या, मग तालुक्याच्या. जिंकलात तर पुढे, म्हणजे आणखी सराव. विज्ञान प्रदर्शन आहे. सहल आहे. गॅदरिंग आहे. नवोदयची परीक्षा कधी डिसेंबरात तर कधी जानेवारीत येते, आणि शिष्यवृत्तीवाल्यांचे जादा तास सुरूच असतात. वर्गातला रोजचा अभ्यास तर आहेच. त्याला कोणी सुट्टी दिलेली नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं डिसेंबरातच का? कारण सोपं आहे. जूनपासून पाऊस, मग गणपती, मग पहिल्या सत्राची परीक्षा, मग दिवाळीची लांब सुट्टी. मार्चमध्ये ऊन आणि वार्षिक परीक्षेची चाहूल. मैदान कोरडं, हवा थंड आणि परीक्षा लांब, असा महिना सबंध वर्षात हाच. म्हणून सगळे कार्यक्रम या एका महिन्याच्या अंगावर येऊन पडतात. जुन्नर असो की आंबेगाव, ओतूर असो की घोडेगाव, डिसेंबरात प्रत्येक शाळेत लगीनघाई चाललेली असते.

आपण आता एक गणित करू. शाळा पाचला सुटते असं धरा. साडेपाचला घरी. नऊला झोप. मध्ये राहिले साडेतीन तास. हातपाय धुणं, चहा, शेरडांना चारा, धाकट्या भावंडाकडे पाहणं, जेवण, यात दीड तास सहज जातो. उरले दोन तास. बावीस दिवसांचे झाले चव्वेचाळीस. त्यातला रोज एक तास गृहपाठ आणि वाचन यांना दिला, तर हातात राहिले फक्त बावीस तास! आता त्यात खो-खो, लेझीम, वक्तृत्व, प्रदर्शनाचं मॉडेल आणि गॅदरिंगचं नाटुकलं, असं पाचही घेतलंत तर एकेकाच्या वाट्याला साडेचार तासही येत नाहीत. साडेचार तासांत ना धड संवाद पाठ होतात, ना खो-खोतला खांब मारायला जमतो. एक ना धड, भाराभर चिंध्या.

म्हणून माझं सांगणं असं, की एक गोष्ट मैदानावरची घ्या आणि एक मंचावरची. बस्स. ज्याला मैदान आवडत नाही त्याने मंचावरच्या दोन घ्याव्यात, चालेल. पण तिसरीला हात लावायचा नाही.

यात आम्हा शिक्षकांनाही एक सवय मोडावी लागते. वर्गात चार चुणचुणीत मुलं असतात. भाषण त्यांचंच, नाटकात राजा तेच, धावण्यात तेच आणि प्रदर्शनात मॉडेलपाशी उभे राहून माहिती सांगणारेही तेच. ती चार मुलं डिसेंबरभर धापा टाकतात आणि उरलेली पंचवीस टाळ्या वाजवतात. प्रत्येकाला दोनच गोष्टी दिल्या, तर त्या चौघांना रात्रीची झोप मिळते आणि पंचविसांपैकी कोणाला तरी कळतं, की अरे, आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो! बक्षीस एखादं कमी येईल. येऊ दे.

आता त्या पेन्सिलीकडे परत या. शाळेत तारीख कळली की त्याच संध्याकाळी ती कॅलेंडरवर लिहायची. पेनने नाही, पेन्सिलीने. कारण तारखा बदलतात. तालुक्याच्या स्पर्धा पुढे गेल्या की सगळं खोडून पुन्हा लिहावं लागतं. पण नुसती शेवटची तारीख लिहून काम होत नाही. तिथून उलटं मोजत मागे या. समजा, विज्ञान प्रदर्शन अठराला आहे. मग सतराला मॉडेल पूर्ण हवं, पंधराला रंग वाळलेला हवा, दहाला सामान घरात हवं. म्हणजे नारायणगावच्या किंवा मंचरच्या बाजाराला कोणी मोठं माणूस जाईल त्या दिवसावर तुम्हाला लिहायचं आहे: चार्टपेपर, वायर, बॅटरी, छोटा बल्ब. वाडीतल्या दुकानात रात्री आठ वाजता चार्टपेपर मिळत नाही, हे दरवर्षी कोणाच्या तरी घरी रडारड होऊन नव्याने कळतं. तहान लागल्यावर विहीर खणायची ही रीत. आणि पालकहो, शाळेच्या मोबाईलवरच्या गटात रात्री नऊला 'उद्या पांढरा शर्ट घालून पाठवणे' असा निरोप आला, तर सकाळी गुरुजींना किंवा बाईंना जरूर विचारा, की पुढच्या वेळी दोन दिवस आधी कळेल का? राग येत नाही. आला तरी चालतो.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगायची आहे. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बघता बघता अंधार पडतो. नेमके हेच ऊसतोडीचे दिवस. निवृत्तीनगरचा विघ्नहर कारखाना, दत्तात्रयनगरचा भीमाशंकर कारखाना, दोन्हीकडे गाळप जोरात चालू असतं. आपल्या भागातला बिबट्या डोंगरात कमी आणि उसात जास्त राहतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! उसात त्याला आडोसा मिळतो, पाणी मिळतं, वस्तीवरची कुत्री-शेरडं मिळतात. मादी पिल्लंही उसातच घालते. फड तुटला की तिला पिल्लांना घेऊन दुसरा फड गाठावा लागतो. काल जिथे काही नव्हतं तिथे आज बिबट्या असू शकतो, तो यामुळेच. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ऊसतोडीत सापडलेली पिल्लं पुन्हा आईजवळ पोचवण्याचं काम वनखातं आणि तिथली माणसं करतात. पण म्हणून संध्याकाळची वाट बिनधोक होत नाही.

तेव्हा गॅदरिंगचा सराव शाळा सुटल्यावर ठेवायचाच नाही. तो मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला करा, खेळाच्या तासाला करा, शनिवारी शाळा सुटल्यावर दुपारी करा. वेळ ठरवताना शाळेजवळ राहणाऱ्या मुलाचा विचार करून उपयोग नाही. सर्वांत लांबच्या वस्तीवरची मुलगी उजेडात घरी पोचली पाहिजे, मग तिच्या वाटेला जितकी मिनिटं लागतात तितकी आधी शाळा रिकामी. येताना-जाताना चार-पाच जणांनी मिळून चालायचं, मोठ्याने बोलत चालायचं. गाणी म्हणा, पाढे म्हणा, नाटकातले संवाद म्हणा, तेवढाच सराव. धाकटी मुलं मध्ये. उसाच्या कडेला वाकून बसायचं नाही, कारण वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. आणि तो समोर दिसलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून, हात वर करून, आरडाओरडा करत हळूहळू मागे सरायचं. पालकांपैकी कोणी वाटेवर थोडं पुढे येऊन उभं राहिलं तर फारच बरं.

पण पालक येणार कुठून? तेही डिसेंबरात मोकळे नसतात. कांद्याच्या लागवडीचे हे दिवस. रोपं तयार, वाफे तयार, पण मजूर मिळत नाहीत. वीज रात्रपाळीची असली की बाबा रात्री पाणी द्यायला रानात. अशा वेळी पाचवीतली ताई घरी थांबते, कारण धाकट्याला सांभाळायला कोणी नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे चार-पाच खाडे पडतात आणि ती परत येते तोवर भागाकार पुढे गेलेला असतो. आईबाबांनो, लागवड थांबत नाही हे शाळेलाही माहीत आहे. पण तुमच्या लागवडीचा दिवस आधी कळवलात तर निदान त्या दिवशी नवा धडा सुरू करायचा नाही, एवढं करता येतं. आणि आपल्याकडे सावड आहेच की! आज सगळ्यांनी तुमच्या रानात, उद्या सगळ्यांनी माझ्या रानात. हीच सावड पोरांसाठी का नको? वस्तीवरच्या पाच घरांनी पाळी लावायची. आज एका घरची आजी पाचही घरांची लहान पोरं सांभाळेल आणि वाटेवर उभी राहील, उद्या दुसऱ्या घरचे काका. ताईचे चार खाडे वाचतील.

गॅदरिंगच्या कपड्यांचंही एकदा बोलूनच टाकू. सिनेमातल्या गाण्यावर नाच बसवायचा, सहा मुली निवडायच्या, भाड्याचे चमकदार ड्रेस आणायचे, आणि ज्या घरी पैसे नाहीत तिथली मुलगी म्हणते, "मला नाचायला आवडतच नाही." तिला आवडतं हो. लेझीम घ्या. लेझीम बहुतेक शाळांच्या कपाटात पडलेली असते, हलगी गावात कोणाकडे तरी असते, आणि गणवेशावर चाळीस मुलं एकदम नाचू शकतात. डोक्याला पटका बांधला की झालं, तो आजोबांच्या उपरण्याचाही होतो. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. ढोलकीच्या थापेवर आपली पोरं आपोआप ताल धरतात, त्यांना भाड्याचा ड्रेस लागत नाही.

आणि या लेझीमच्या रांगेत दोन-तीन जागा रिकाम्या ठेवा. कोणासाठी? सांगते. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याजवळ, रानात, ओढ्याकाठी उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगर, जळगाव अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येतात, बरोबर त्यांची मुलं. पहाटे अंधारात आईवडील फडावर जातात. मुलं कोपीत राहतात, नाहीतर त्यांच्यामागे फडात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्यानुसार अशा मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. दाखला नाही म्हणून नाही, जन्माची नोंद नाही म्हणून नाही, आणि वर्ष अर्धं झालं म्हणूनही नाही. शिक्षक कोप्यांवर जाऊन मुलांना घेऊनही येतात. पण होतं काय, ही मुलं नोव्हेंबर-डिसेंबरात वर्गात येतात तेव्हा खो-खोचा संघ ठरलेला असतो, नाटकातली पात्रं ठरलेली असतात, सहलीची यादी पाठवून झालेली असते. मग ती मागच्या बाकावर बसून तुमचा सराव बघतात. गाळप संपलं, की मार्चच्या सुमारास निघून जातात. तुमच्या शाळेतला त्यांचा सगळा काळ म्हणजे हा धांदलीचा डिसेंबर आणि पुढचे दोन-तीन महिने!

तर वर्गातल्या मुलांनो, हे काम मोठ्यांपेक्षा तुम्हालाच जास्त चांगलं जमेल. नवीन मुलगा आला की त्याला आपली कॅलेंडरची तारीख सांगा: बावीसला गॅदरिंग आहे, लेझीमला ये, तुझी जागा माझ्या शेजारी. लेझीमचे चार हात दोन दिवसांत शिकून होतात. धावण्यात तर विचारूच नका, फडातल्या बांधांवरून पळणारी पोरं ती. त्यांच्याकडची गाणी, त्यांच्या गावचे शब्द ऐका. मंचावर दहा मिनिटं त्यांनाही द्या. आणि त्यांच्या आईवडिलांना बोलवायचं असेल तर कार्यक्रम दुपारी अकराला ठेवून उपयोग नाही, त्या वेळी ते फडात असतात. रात्री ठेवला तर बिबट्याची भीती. यावर सोपा तोडगा नाही. मुकादमाशी आधी बोलून एखाद्या दिवशी संध्याकाळी चारला कार्यक्रम बसतो का ते पाहावं, एवढंच सुचतं.

नाताळचं राहिलंच की! नाताळ हा शब्दच मुळात पोर्तुगीज आहे, त्यांच्या भाषेत ख्रिस्तजन्माच्या सणाला 'नाताल' म्हणतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना एका दिवसाची सुट्टी. इंग्रजी माध्यमाच्या शाळांना बऱ्याचदा आठवडाभर. मग पुण्या-मुंबईची आत्याची, काकांची मुलं गावी येतात आणि इकडे तुमची मात्र शाळा चालू! त्यांना घरी बसवू नका, गॅदरिंगला आणा. पडदा ओढायला, खुर्च्या मांडायला माणसं लागतातच. वर्गात ख्रिस्ती मित्र असेल तर त्याच्याकडून चांदणी कशी करतात ते शिकून घ्या. इंग्लंडमध्ये तर शाळा नाताळच्या तोंडावरच बंद होतात, आणि त्याआधी प्राथमिक शाळांत येशूच्या जन्माचं नाटक बसवण्याची पद्धत आहे. कोणी मेंढपाळ, कोणी देवदूत, कोणी गाढव. तिथल्या आयासुद्धा आदल्या रात्री मेंढपाळाच्या डोक्याला बांधायला टॉवेल शोधत असतात म्हणे. म्हणजे ही धांदल काही फक्त ओतूर-मंचरची नाही.

महिना मोठा करता येत नाही. पण एका कामात दोन कामं बसवता येतात. त्याचं आपल्या हाताशी असलेलं एक झकास उदाहरण देते. बावीस डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. १८८७ साली जन्मलेल्या या थोर गणितज्ञाच्या नावाने २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिवस पाळला जातो. दरवर्षी आपण त्या दिवशी काय करतो? एक मुलगा कागदावरून माहिती वाचतो, बाकीचे जांभया देतात. त्याऐवजी सहल नाणेघाटात न्या. जुन्नरहून पश्चिमेला, एका दिवसात जाऊन येण्यासारखं. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. नागनिका राणीच्या या लेखात यज्ञात दान दिलेल्या गायी, घोडे आणि नाणी यांचे आकडे कोरलेले आहेत. आपल्या देशात अंक लिहिल्याचे जे फार जुने पुरावे आहेत, त्यांतला हा एक! घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेला जकातीचा पैसा त्यात टाकत, असं सांगतात. लेखातले चार-पाच अंक वहीत उतरवून आणा, आजच्या अंकांशेजारी मांडा. झाली सहल, झाला गणित दिवस, आणि चार्टपेपरवर नीट काढलेत तर प्रदर्शनातला एक तक्ताही झाला. राज्यभरातली मुलं एसटीच्या सवलतीत बस करून आपला शिवनेरी आणि लेण्याद्री बघायला येतात. आपण मात्र सहल म्हटली की आधी लांबचंच गाव शोधतो.

तसंच वीस तारखेचं. गाडगेबाबा १९५६ साली गेले. त्यांच्यावर पाच भाषणं ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी खराटे घेऊन मैदान झाडावं. ते मैदान तुम्हाला गॅदरिंगसाठी हवंच असतं. साने गुरुजींच्या जयंतीला भाषणाऐवजी वर्गात त्यांची एक गोष्ट मोठ्याने वाचा, अर्धा तास पुरे. चांगलं वाचणाऱ्याला वक्तृत्वाचा सरावही त्यातच होईल.

मॉडेल या महिन्यात जमलंच नाही तर हिरमुसू नका. खोडदला जीएमआरटीची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे भरणाऱ्या प्रदर्शनात शाळकरी मुलंही आपले प्रयोग मांडतात. गुरुजींना विचारा, आपल्या शाळेला जाता येईल का. जानेवारी संपूर्ण हातात राहील.

नवोदय किंवा शिष्यवृत्तीला बसलेल्या मुलांच्या पालकांना एक विनंती. परीक्षा आहे म्हणून मुलाला मैदानावरून काढून घरी बसवू नका. त्याचा तिसरा कार्यक्रम कमी करा, चौथा कमी करा, पण संध्याकाळचं अर्धा तास धावणं राहू द्या. आणि नऊला दिवा मालवा. झोपाळलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सोपी वजाबाकीही नीट येत नाही, हे वर्गात रोज दिसतं.

चला, कॅलेंडर परत खिळ्याला लावा. पेन्सिल दोरा बांधून शेजारीच लटकवून ठेवा, नाहीतर धाकटं भावंडं पळवेल. नवं कॅलेंडर घरात आलं, की जानेवारीच्या पानावर तीन तारखेला सावित्रीबाईंची जयंती आणि बाराला जिजाऊंची जयंती आधीच छापलेली दिसेल. त्यांच्याखालच्या रिकाम्या जागेत काय लिहायचं ते उद्या मधल्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून ठरवा, कोपीवरच्या नव्या मित्रालाही विचारून.